उणे दोन लाखांचा स्वल्पविराम

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून केलेल्या मुंबईच्या एक्सेल जनगणना-तक्त्यांत लाखांच्या स्वल्पविरामांचा प्रश्न (अमेरिकी मांडणीचा संगणक तीन-तीन आकड्यांचे गट पाडतो) अखेर सुटला, म्हणून ही नोंद. संख्या सेलमध्ये कशी दिसावी हे सांगणारा फॉरमॅट कोड मी तीन भागांत लिहिला आहे: पहिला भाग कोटीपासून पुढे, दुसरा लाखापासून आणि तिसरा उरलेल्या सर्व संख्यांसाठी. लोकसंख्येच्या रकान्यांत तो चोख चालतो. २०११ मधील मुंबई उपनगर जिल्ह्याची ९३,५६,९६२ ही संख्या विंडोजची प्रादेशिक मांडणी कोणतीही असली तरी तशीच दिसते.

गाडे अडले ते दशकातील बदलाच्या रकान्यात. उपनगरात ७,१६,५४३ माणसे वाढली. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या मात्र ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आली, आणि ही २,५२,६२० ची घट अमेरिकी मांडणीच्या संगणकावर -२५२,६२० अशी उमटू लागली. एक्सेल एका कोडमध्ये दोनच अटी स्वीकारते. त्या शून्याहून मोठ्या संख्यांवर खर्ची पडल्या की प्रत्येक उणे संख्या तिसऱ्या भागात जाते आणि तिथे गट कसे पाडायचे हे संगणकाची मांडणी ठरवते. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-संचाला लाखांची गटवारी कोडमधून थेट समजते, परंतु तक्ते वाचणारे बहुतेक जण एक्सेलच वापरतात.

उपाय कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये, म्हणजे सेलमधील मूल्यानुसार रूप बदलणाऱ्या नियमांत, सापडला. सेलचा मूळ कोड तसाच ठेवायचा आणि शून्याहून लहान संख्येसाठी एक नियम लावायचा, ज्यात उणे कोटी व उणे लाख या अटींचा दुसरा कोड असेल. एक्सेल फाइल लिहिणारी पायथनची एक्सएलएसएक्सरायटर ही लायब्ररी नियमातही संख्येचा फॉरमॅट देऊ देते. नवा तक्ता करायला माझ्या मते तेच उत्तम. आधीच्या फाइलमध्ये भर घालायची असेल तर ओपनपायएक्सएल ही दुसरी लायब्ररी वापरायची, कारण एक्सएलएसएक्सरायटर जुनी फाइल वाचतच नाही.

हे लिहितानाच आणखी एक वाट सुचली. स्थिर संख्या लिहिताना तिचे मूल्य पायथनच्या हातात असतेच, तेव्हा योग्य कोड तिथेच निवडता येईल आणि नियम फक्त सूत्रांच्या सेलपुरते उरतील. त्यामुळे मुंबईच्या २०११ मधील २४ प्रशासकीय विभागांचे तक्ते आता याच पद्धतीने करणार आहे.

पांडास ही पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी एक्सेलमध्ये स्वतःहून जी ठरावीक जाड शीर्षके टाकते, त्यांचाही बंदोबस्त झाला: शीर्षके वगळून आकडे दुसऱ्या ओळीपासून उतरवले आणि पहिली ओळ स्वतंत्रपणे सजवली. आता छापील प्रतीच्या प्रत्येक पानावर ती नीट येते, हे पाहून फार समाधान वाटले.