मारुती ८०० चे इंजिन, टप्पा तिसरा: कंपनीचा पार्ट, बाहेरचा पार्ट आणि जुनाच पार्ट

मागील नोंदीत इंजिन गाडीतून उतरवून पूर्ण उघडण्यापर्यंतचे काम लिहिले होते. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत माझ्या हातात पान्यापेक्षा मायक्रोमीटर अधिक वेळ राहिला, कारण कोणता पार्ट कंपनीच्या खोक्यातला घ्यायचा, कोणता बाहेरचा चालेल आणि कोणता जुनाच परत बसवायचा हे ठरवल्याशिवाय पुढे एक बोल्टही आवळता येणार नव्हता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी १९९६ ची, कार्ब्युरेटरची आहे. इंजिन एफ८बी, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७२ मिलिमीटर. हे मॉडेल डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आले आणि २०१४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, त्यामुळे पार्ट अजून मिळतात, पण कंपनीच्या काउंटरवर प्रत्येक पार्ट प्रत्येक साइजमध्ये मिळेलच असे नाही. इंजिन उघडावे लागले ते एका स्वस्त वॉटर पंपामुळे. त्याचे सील गेल्या मे महिन्यात तुळजापूरच्या घाटात गळू लागले, पाणी कमी झाल्याचे मला उशिरा कळले, हेड गॅस्केट (सिलिंडरचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांमधले सील) गेले आणि हेड वाकले. ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते, आणि बोल्टांनी जखडलेल्या हेडला ते पसरणे सहन झाले नाही की त्याची सपाटी जाते. स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) पाहिले तेव्हा मध्यभागी ०.१२ मिलिमीटरची फट होती. पंप कंपनीच्या पंपाच्या निम्म्याहून कमी किमतीचा होता, आणि त्यात वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च हेडला फेस मारणे (घासून सपाट करणे), व्हॉल्व्ह बसवणे आणि ब्लॉक बोअर करणे यांत गेला. त्यामुळे वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि हेड गॅस्केट कंपनीचेच घेतले. सोलापूरच्या उन्हाळ्यात कूलिंगच्या कोणत्याही पार्टवर मी आता काटकसर करणार नाही.

मात्र ‘ओरिजिनल’ या शब्दाचा अर्थ आपण नीट समजून घ्यायला हवा, आणि सोलापुरात राहणाऱ्याला तो समजणे सोपे आहे. होटगी रोडवर किर्लोस्कर फेरसच्या कारखान्यात इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात, आणि आपल्याच एमआयडीसीतल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) देशातल्या आणि परदेशातल्या मोटार कंपन्यांकडे जातात. म्हणजे गाडीची कंपनी बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाही; ती ड्रॉइंग देते, धातू आणि माप ठरवते, तपासणी करते आणि आपल्या खोक्यात घालून विकते. तोच पुरवठादार अनेकदा तोच पार्ट स्वतःच्या नावाच्या खोक्यातही विकतो. याखेरीज ज्याचा त्या ड्रॉइंगशी कधी संबंध आला नाही, केवळ नमुना पाहून पार्ट बनवणारा असा तिसरा उत्पादक असतो, आणि त्याचा माल चांगलाही असू शकतो. कंपनीचे खोके छापून आत काहीही भरणारे बनावट पार्ट ही वेगळी गोष्ट आहे. त्यापासून वाचायचे तर अधिकृत काउंटरवरून बिलासह खरेदी करावी, एवढेच इथे पुरे.

सर्वाधिक वेळ पिस्टनने घेतला. सिलिंडर वरच्या बाजूला ६८.६४ आणि तळाला ६८.५२ मिलिमीटर भरले, शिवाय दुसऱ्या सिलिंडरमध्ये नखाला लागतील अशा उभ्या रेषा होत्या. २५ साइजमध्ये, म्हणजे बोअर ०.२५ मिलिमीटर मोठा करून, त्या पूर्ण निघतील याची खात्री नव्हती, म्हणून ०.५० मिलिमीटर मोठे, म्हणजे पन्नास साइजचे पिस्टन घ्यायचे ठरले. अक्कलकोट रोडच्या ज्या लेथवाल्या काकांकडे मी ब्लॉक दिला, त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, “आधी पिस्टन आणा मालक, त्याशिवाय मी बोअरला हात लावणार नाही.” त्यांचे म्हणणे योग्यच आहे. बोअर नेहमी हातात असलेल्या पिस्टनवरून मारावा, कॅटलॉगमधल्या आकड्यावरून नव्हे. पिस्टन आणि सिलिंडर यांमधली मोकळीक काही शतांश मिलिमीटरचीच असते आणि खोक्यावर छापलेली साइज तेवढी बारीक नसते.

कंपनीच्या काउंटरवर पन्नास साइज मिळाली नाही. मग मूळ पुरवठादाराच्या खोक्यातला एक सेट आणि पुष्कळ स्वस्त असा दुसरा एक सेट, असे दोन्ही दुकानातून परतीच्या बोलीवर आणले. पिस्टन पूर्ण गोल नसतो आणि वरपासून खालपर्यंत सरळही नसतो, त्यामुळे त्याचे माप पिनच्या काटकोनात, स्कर्टवर (रिंगांखालच्या भागावर) मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवरच घ्यावे लागते. स्वस्त सेटमधले तीन पिस्टन ६८.९५, ६८.९६ आणि ६८.९२ मिलिमीटर भरले. एवढा फरक प्रत्येक बोअर आपापल्या पिस्टनप्रमाणे मारून सांभाळता आला असता. पण वजनाचे काय? ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ते ठेवले तेव्हा सर्वांत हलका आणि सर्वांत जड यांत ६ ग्रॅमचा फरक निघाला. दुसऱ्या सेटमध्ये मापाचा फरक ०.०१ मिलिमीटरच्या आत आणि वजनाचा १ ग्रॅम होता. स्वस्त सेट त्याच संध्याकाळी परत गेला. बोअर आणि होनिंग (बोअरची शेवटची बारीक घासाई) झाल्यावर प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये घालून, पिस्टनच्या माथ्याने ती सरळ खाली ढकलून तोंडाची फट मोजली, सगळ्या ०.२५ ते ०.३० मिलिमीटरमध्ये आल्या. रिंगच्या फटीचा ढोबळ हिशोब बोअरच्या दर १०० मिलिमीटरला ०.३ ते ०.४ मिलिमीटर असा धरतात, म्हणजे इथे साधारण ०.२१ ते ०.२८; हे त्याच्या जवळपास आहे.

कॅमशाफ्टच्या बाबतीत मी एक चूक केली आणि ती नोंदवायला हवी. जुना कॅम मोजण्यापूर्वीच मी नवा, बाहेरचा कॅम विकत घेतला. बिडाच्या कॅमशाफ्टचे आयुष्य त्याच्या लोबच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांच्या) कातडीवर अवलंबून असते. ओतताना साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे बसवलेले असतात. त्यांना टेकलेले वितळलेले बीड झपाट्याने थंड होते, तिथे कार्बाइडचा अतिशय कठीण थर तयार होतो आणि आतला गाभा साध्या बिडाचा, त्या मानाने मऊ राहतो. हा थर पातळ किंवा अर्धवट झाला तर कॅम पॉलिश होऊन चकचकीत दिसतो, पण काही हजार किलोमीटरमध्ये लोब झिजतो. चांगली बारीक कानस मी जुन्या कॅमच्या लोबच्या कडेवर हलकेच फिरवली, तर ती काचेवर नख घसरावे तशी घसरली आणि ओरखडाही उमटला नाही. नव्या कॅमवर तीच कानस लागली आणि बोटाला राखाडी भुकटी आली. त्यानंतर जुन्या कॅमच्या सहाही लोबची उंची मोजली. ती मॅन्युअलच्या मर्यादेत होती आणि रॉकरचे (लोब आणि व्हॉल्व्ह यांमधल्या दांडीचे) तोंड गुळगुळीत होते. जुना कॅम आणि जुने रॉकर ज्याच्या त्याच्या जागीच परत जातील, कारण एकमेकांवर बसलेली जोडी मोडण्याचे काहीच कारण नाही. नवा कॅम परत घेतला गेला नाही.

रबराच्या वस्तूंना मोजून पारखता येत नाही, आणि म्हणून तिथे मी अधिक सावध आहे. साधे नायट्राइल रबर आणि उष्णता सोसणारे फ्लोरोकार्बन रबर काळ्या रंगात सारखेच दिसते, आणि फरक कळतो तो सील कडक होऊन तेल गळू लागल्यावर. क्रँकचे (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) मागचे सील बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एवढ्याशा वस्तूसाठी ते काम दुसऱ्यांदा करण्याची माझी तयारी नाही. म्हणून क्रँकची दोन्ही सील, व्हॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर कंपनीचे. उलट एअर फिल्टर, फॅन बेल्ट आणि होज पाइप चांगल्या बाहेरच्या कंपन्यांचे घेतले, कारण ते डोळ्यांसमोर असतात आणि बॉनेट उघडून दहा मिनिटांत बदलता येतात.

क्रँक २५ साइजला, म्हणजे ०.२५ मिलिमीटर बारीक, ग्राइंड झाला आहे. मेन आणि कॉनरॉड बेअरिंग पुरवठादाराच्या खोक्यातली घेतली आणि प्लास्टिगेजची (दाबून किती पसरली यावरून मोकळीक सांगणारी मऊ प्लास्टिकची) पट्टी ठेवून, कॅप पूर्ण टॉर्कला आवळून, परत उघडून मोकळीक पाहिली: तीन मेन बेअरिंगवर ०.०४ आणि एकावर ०.०५ मिलिमीटर, सगळी मर्यादेत. क्रँक आता दोन बोटांनी फिरतो. पुढचे सील आले आहे, मागचे पुण्याहून यायचे आहे; ते बुधवारी हाती पडले की खालची बाजू बंद करून सम्प (तळाची तेलाची टाकी) चढवेन.