बूच

राजस्थानातल्या डीगच्या राजवाड्याची बाग कारंजी चालू असताना पाहावी, असं जो तो सांगतो. सांगायला काय जातं? कारंजी उडतात मेळ्याच्या मोजक्या दिवशी. एरवी भरतपूरहून पस्तीसेक किलोमीटर उन्हातून आलेल्या माणसाला दुपारी दिसतात ते कोरडे पाट, त्यांत रांगेने उभ्या तोट्या आणि सावलीत पसरलेलं एखादं कुत्रं. पण त्यात हळहळण्यासारखं काही नाही. पाणी उडत असलं की डोळे पाण्यावरच खिळतात. कोरड्या बागेत भोकं दिसतात, आणि डीगची सगळी अक्कल भोकांत आहे.

उतारावरच्या बागांचं बरं असतं. चंदीगडजवळच्या पिंजौरच्या मुघल बागेला सात टप्पे आहेत. पाणी आपल्या पायांनी खाली येतं. डीग पडलं सपाट. तिथे उतारच बांधून काढावा लागला. किशन भवनाच्या बाजूला उंचावर एक अवाढव्य हौद आहे. बैल जुंपून, विहिरीतून मोटेने पाणी ओढून तो भरायचा. भरायला आठवडा लागायचा आणि रिकामा व्हायला काही तास.

हौदाच्या भिंतीत ओळीने भोकं आहेत. एकेका भोकातून एकेक नळ निघतो आणि खाली आपापल्या कारंज्याकडे जातो. भोकाला बूच. बूच उपसलं की लांब कुठेतरी बागेत एक तुरा उभा राहतो. कारंजी शेकड्यांनी, तेव्हा बुचंही शेकड्यांनी. कुठलं बूच कुठल्या तुऱ्याचं, हे तोंडपाठ असणारा माणूस त्या काळी राजाखालोखाल महत्त्वाचा असला पाहिजे.

एकच जाडजूड नळ टाकून त्याला फाटे फोडले असते तर काम स्वस्तात झालं असतं. पण मग हौदाजवळची कारंजी माजतात आणि टोकाची नुसती लाळ गाळतात. मध्ये एखादा सांधा गळला की पुढच्या सगळ्यांचा जोर जातो. इथे एक नळ तुंबला तर एकच कारंजं मरतं, शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही.

कारंजं हौदातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच उडत नाही. नळात घासत येताना जोर कमी होतो, त्यामुळे तिथवरही पोचत नाही. हौद उतरेल तसे तुरे बुटके होत जातात. पुष्कळदा मात्र खोट हौदाची नसते, तोटीची असते. जड पाण्यातला क्षार तोंडाशी साचतो आणि भोक बुजत येतं. मग कुणीतरी उत्साही गृहस्थ लोखंडी तार खुपसून ते मोकळं करतो. तोंड रुंदावतं, आणि बारीक, ताठ धारेच्या जागी जाडसर आळशी उकळी येते. कुठल्याही जुन्या बागेत ओळीतलं एकच कारंजं फुगलेलं आणि ठेंगणं दिसलं, तर तिथे तार येऊन गेली असं खुशाल समजावं. तोटी आंबट पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवली असती तर क्षार आपोआप सुटला असता. पण तेवढा धीर कुणाला!

मेळ्याला हेच पाणी रंगीत उडतं. त्यात जादू काही नाही. कोरडा रंग कापडात बांधायचा आणि ती पोटली नळाच्या वाटेत बसवायची. पाणी जाता जाता रंग घेऊन जातं. कापड झिरझिरीत निघालं तर सगळा रंग पहिल्याच झोतात संपतो. घट्ट विणीचं निघालं तर पोटलीचंच बूच होतं.

बूच म्हटलं की मराठी माणसाचं मन हौदापाशी थांबत नाही, थेट बुचाच्या झाडाखाली जातं. जुन्या कॉलेजांच्या आवारात, सरकारी बंगल्यांच्या कुंपणाशी ते उंच, सरळसोट झाड असतं. फुलं रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली पांढरा सडा पडतो. मुली ती वेचतात आणि देठात देठ अडकवून वेणी करतात, सुई नको की दोरा नको. मुलगे ओठांत धरून पिपाणी वाजवतात. साल बुचासारखी मऊ, हलकी, म्हणून नाव बूच. बाटलीची हलक्या प्रतीची बुचं तिची करायचेही. लाकूड मात्र ठिसूळ. वादळात फांदी मोडते, म्हणून गाडी त्याखाली लावू नये. फूल म्हणजे बोटभर लांबीची नळी आणि टोकाला पाकळ्यांचं तोंड. डीगच्या नळ टाकणाऱ्या कारागिराला ते पसंत पडलं असतं.

तर डीग. केशव भवनाचं छत दुहेरी आहे. पाण्याच्या जोराने त्यात गोळे घरंगळायचे आणि खाली बसलेल्यांना ढगांचा गडगडाट ऐकू यायचा, असं सांगतात. भोवती कारंजी, म्हणजे भर उन्हाळ्यात घरचा पाऊस. गोपाल भवनाच्या दोन अंगांना सावन आणि भादों असे दोन मंडप आहेत. (त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, पौर्णिमान्त पंचांग. मेळा गाठायचा तर घरच्या कालनिर्णयावर विसंबू नये.) संगमरवरी झोपाळा दिल्लीहून लुटून आणला म्हणतात. त्याच्यापाशी सगळे फोटो काढतात. काढोत.

बागेची हौस भरतपूरचा राजा सूरजमल जाट याची. तो 1763 मध्ये गेला. त्याआधी, 1761 च्या जानेवारीत, पानिपतावरून वाचलेली आपली माणसं थंडीने काकडत, उपाशी, अंगावर धड कपडा नाही अशी त्याच्या राज्यात पोचली. त्याने त्यांना जेवू घातलं, पांघरायला दिलं. बाजीराव-मस्तानीचा समशेर बहाद्दर जखमी होऊन डीगला आला आणि तिथेच गेला. पंचविशीच्या जेमतेम पुढचा.

दिवस थंडीचे होते. बुचं लावलेलीच असणार.