पाण्यातली गाडी नको

रविवार, रात्री

अडीच लाख. हा आकडा आम्ही दोघांनी मिळून ठरवलाय आणि तो हलवायचा नाही. जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यापासून जो तो म्हणतो, लहान गाड्या उतरल्यात, नवीनच घ्या. शोरूममध्येही जाऊन आले. विमा, कर, नोंदणी धरली की सगळ्यात लहान गाडीसुद्धा चारच्या पुढे जाते. साडेतीन लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता सव्वासात हजारांच्या पुढे. तेवढे पैसे दर महिन्याला बाजूला काढले तर लेकीच्या क्लासची फी कुठून भरायची? म्हणून जुनीच बघायची.

गाडी हवी ती माझ्या ड्युटीसाठी. दुसरी पाळी संपवून मिरजेहून सांगलीला स्कूटीवर येते तेव्हा दहा वाजून जातात. पावसाळ्यात तर समोरच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसतात. आणि सासूबाईंसाठीही हवी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रिक्षात चढणं त्यांना नकोसं झालंय. देवळात जायचंही त्या टाळतात आणि कारण सांगत नाहीत, ते मला फार लागतं.

आज एका डीलरकडे २०१८ ची अल्टो बघितली. पांढरी, चकचकीत, नवीन सीट कव्हर, आत अत्तराचा घमघमाट. सोबत आमच्या गल्लीतले मेकॅनिक दादा होते. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट डाग होता, वरून आडवी रेघ ओढल्यासारखा. मग सीटखालची लोखंडी पट्टी दाखवली, गंजलेली. स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवलं तर कोपऱ्यात वाळलेला गाळ. डीलरला म्हणाले, “पाण्यातली आहे.” तो काही बोलला नाही.

सांगलीत जुनी गाडी बघायची म्हणजे पुराचा विचार आधी करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभाग, शामरावनगर, किती घरांच्या दारातल्या गाड्या तशाच पाण्यात राहिल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या अशा गाड्या लिलावात जातात, तिथून धुऊन-पुसून बाजारात येतात. इंजिन खोलून दुरुस्त करता येतं, पण वायरिंगचं काय? कनेक्टरमध्ये हिरवा गंज धरतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी कधी पॉवर विंडो बंद पडते, कधी गाडी भर रस्त्यात. रात्री दहाला मिरज-सांगली रस्त्यावर बंद पडणारी गाडी मला कुणी फुकट दिली तरी नको.

गाडीच्या नंबरवरूनही काही कळत नाही. एमएच-१० पासिंग सगळ्या जिल्ह्याचं. गावभागातली गाडी एमएच-१० आणि जतचीही एमएच-१०. येताना दादा म्हणाले, “ताई, दुष्काळी तालुक्यात बघा. विटा, आटपाडी, जत. तिकडं माणसं पाण्यासाठी टँकरची वाट बघतात, गाडी कुठनं बुडायची?”

हे मला आधी का सुचलं नाही, यापेक्षा ते त्यांना इतक्या सहज सुचलं याचंच कौतुक वाटत राहिलं. ज्या कोरडेपणानं तिकडची माणसं पिढ्यानपिढ्या पिचली, त्याच कोरडेपणामुळं गाडीचा पत्रा शाबूत राहतो. वाईट वाटलं, आणि पटलंही.

बुधवार

विट्याची एक वॅगनआर मिळतेय. २०१६ ची, पेट्रोल, पहिलेच मालक, निवृत्त शिक्षक. दोन ऐंशी म्हणतात. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघितला: बँकेचा बोजा उतरलेला, विमा चालू, नोंदणी २०३१ पर्यंत. दुसरीकडे २०१२ ची एक सव्वालाखात मिळत होती, पण तिची १५ वर्षं २०२७ ला भरतात. मग फिटनेस, पर्यावरण कर, पाच वर्षांची नवी नोंदणी. सव्वालाखाची गाडी तेवढ्यावर थांबत नाही.

सरांशी फोनवर बोलले. गाडी २०१९ ला कुठे होती, हेच आधी विचारलं. ते म्हणाले, “विट्यातच. पुराच्या वेळी तिच्यातूनच आम्ही सांगलीला भाकरी पोचवल्या, पाणी ओसरल्यावर.” खोटं बोलणारा माणूस वाटला नाही. तरी सीट बेल्ट मी ओढून बघणारच, आणि सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन किलोमीटरची नोंदही काढून घेणार. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचायचा, आठवडा आणि वर्ष. टायर पहिलेच असतील तर चार नवे टायर हिशेबात धरावे लागतील, आणि भाव तिथेच उतरवून मागता येईल.

बाकी कागदाचं पक्कं केलंय. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर बसून, सगळी रक्कम चेकनं, आणि गाडी नावावर झाली की १४ दिवसांच्या आत विमा माझ्या नावावर. त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, त्यांच्याकडेच राहतो, मला मिळत नाही, म्हणून विम्याचे जादा पैसेही मी अडीच लाखांतच धरलेत. म्हणजे सरांना सांगायचा भाव दोन पस्तीस. घासाघीस होईल. सर चिडतील असं वाटत नाही.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं निघतोय, दादा आणि मी. सरांना सांगून ठेवलंय: आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, इंजिन गारच असू दे, गार असताना ते कसं चालू होतं तेच बघायचंय.