शब्द कानाने शोधू नका

झेड असलेले इंग्रजी शब्द आठवायला सांगितले की मराठी डोक्यात भराभर येतात ते रोझ, नोझ, इझी, म्युझिक. यातल्या एकाही शब्दात झेड नाही, चारही ठिकाणी एस आहे. गाण्याच्या भेंड्यांत कान चालतो, कारण तिथे 'म' ऐकू आला की तो 'म'च असतो. स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून शब्द जुळवायचा खेळ) आणि वर्डल (सहा प्रयत्नांत पाच अक्षरी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ) यांत अक्षर म्हणजे फक्त छापलेली खूण. तिचा आवाज कधी वेगळाच येतो, कधी येतच नाही. (पुढे स्पेलिंग सुटं सांगायचं तिथे अक्षरांमध्ये रेघ दिली आहे.)

त्यामुळे हवं ते अक्षर कुठे दडून बसतं ते आधी पाहायचं. के हवा असेल तर किंग, काइट लगेच आठवतात, पण नी म्हणजे गुडघा, नाइफ आणि गाठीचा नॉट राहून जातात. तिघांचीही सुरुवात के-एनने होते. डब्ल्यूसाठी रिस्ट, रॅप, रेक, आणि मधोमध गप्प बसलेला डब्ल्यू हवा तर सोर्ड आणि आन्सर. जी हा नॅट, नॉ, नोम यांच्या तोंडाशी आणि साइनच्या पोटात असतो. बी लॅम आणि थमच्या शेवटी, शिवाय डेटमध्ये, म्हणजे कर्जाच्या. एच अवर, ऑनेस्ट आणि घोस्टमध्ये. एक्स तर उलटा फसवतो. सॉक्स, बुक्स, ट्रिक्समध्ये तो ऐकू येतो पण नसतो. सक्सेस आणि अॅक्सेसमध्ये दोन-दोन सी असतात. आणि एक्झॅममध्ये 'ग्झ' ऐकू येतं तिथे मात्र तो असतो. अशी यादी उच्चाराने पाठ करण्यात अर्थ नाही. वहीत अक्षराखाली स्पेलिंग लिहा, तेही मोठ्या लिपीत, कारण टाइलवर तसंच दिसतं.

स्क्रॅबलमध्ये १०० टाइल्स. त्यांत ई १२, ए आणि आय ९-९, ओ ८. क्यू, झेड, जे, एक्स आणि के प्रत्येकी एकच. क्यू-झेडला १० गुण, जे-एक्सला ८, केला ५. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात खेळ बनवताना वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हे प्रमाण ठरवलं. एस मात्र चारच ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचनं करत सुटला असता. म्हणून पाच-सहा गुणांसाठी एस खर्चू नये.

जड अक्षर हातात अडकलं तर दोन-तीन अक्षरी शब्द सुटका करतात. क्यू-आय (उच्चार 'ची', चिनी प्राणशक्ती) ११ गुण. क्यू-ए-टी, चघळायचा पाला, १२. झेड-ए म्हणजे पिझ्झा या शब्दाचं उरलेलं शेपूट, ११. जे-ओ म्हणजे स्कॉटलंडमधली प्रिय व्यक्ती, ९. एक्सला ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू असे पाच दरवाजे. व्हीला एकही नाही. दोन अक्षरी शब्दात व्ही येतच नाही, त्यामुळे डाव संपत आला की व्ही आधी घालवा.

आपल्या फायद्याची गोष्ट अशी की यू नसलेले क्यूचे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आलेले, म्हणजे आपल्या ओळखीचे आहेत. बुरखा बी-यू-आर-क्यू-ए (यात यू आहे, पण क्यूच्या आधी, नवखा तिथेच गोंधळतो), १६ गुण. फकीर एफ-ए-क्यू-आय-आर, १७. तलाक टी-ए-एल-ए-क्यू, १४. फकीर तर केने, क्यूने, क्यू-यूने आणि मधे दोन ई घालून अशा चारही प्रकारे चालतो. साडी आय किंवा दोन ई लावून, राणीही तशीच. जोवर म्हणजे आपली ज्वारी, जे-ओ-डब्ल्यू-ए-आर, १५ गुण. लाख एल-ए-के-एच, ११. आणि सी-एच-ए-पी-ए-टी-आय ही चपाती बरोबर सात अक्षरांची, म्हणजे सगळी रॅक (हातातल्या सात टाइल्सची पट्टी) रिकामी करून वरचे ५० गुण. देवनागरीत जिथे एकच ख किंवा घ लागतो तिथे रोमनमध्ये एच जोडावा लागतो, आणि एचला चार गुण आहेत. घीसुद्धा आठ गुण देते.

खेळण्याआधी ग्राह्य शब्दांची यादी कोणती ते मात्र ठरवून घ्या. भारतात आणि अमेरिका-कॅनडाबाहेर बहुतेक ठिकाणी स्पर्धा कॉलिन्स शब्दकोशाच्या यादीवर होतात, अमेरिका-कॅनडात दुसरी यादी चालते. पुण्यात झेड-ओ आणि सी-एच हे शब्द ग्राह्य आहेत, न्यू जर्सीतल्या मावसभावाबरोबर अमेरिकी यादीवर खेळताना तेच नामंजूर होतात.

आता यंत्राने शोधणं, म्हणजे अक्षरं भरली की शब्द शोधून देणाऱ्या वेबसाइट. इथे सर्वांत जास्त चुका चुकीच्या रकान्यामुळे होतात. 'ही अक्षरं असलेले शब्द' आणि 'या अक्षरांतून होणारे शब्द' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रॅकवरची सातही अक्षरं पहिल्या रकान्यात टाकली तर सातही असलेले शब्दच येतात, ते बहुधा लांबलचक आणि निरुपयोगी. स्क्रॅबलला दुसरा रकाना हवा, आणि कोऱ्या टाइलसाठी (ती कुठल्याही अक्षराऐवजी चालते) बहुतेक ठिकाणी प्रश्नचिन्ह.

हे आतून कसं चालतं ते साधं आहे, आणि घरी करता येतं. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावायची. ती झाली त्या शब्दाची किल्ली. रिटेन्स, नॅस्टिअर, स्टेनर, रेटिनाज या चौघांत कानाला काहीच नातं सापडत नाही, पण चौघांची किल्ली एकच: ए-ई-आय-एन-आर-एस-टी. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सॉर्टेडने अक्षरं लावा, जॉइनने जोडा, आणि त्या किल्लीखाली शब्द साठवा. मग रॅकचीही किल्ली काढून तीच ओळ उघडायची. सात अक्षरांतून दोन किंवा अधिक अक्षरांचे जास्तीत जास्त १२० गट पडतात, तेवढ्या किल्ल्या लावून पाहिल्या की छोटे शब्दही हाती येतात. कोरी टाइल असेल तर हेच २६ वेळा. यंत्र नसेल तर रॅकवर हातानेच आय-एन-जी, ई-आर, ई-डी उजवीकडे आणि आर-ई, यू-एन डावीकडे सरकवून उरलेल्यांकडे बघा.

वर्डलमध्ये चूक वेगळी होते. तिथे हिरवं अक्षर म्हणजे बरोबर जागी, पिवळं म्हणजे शब्दात आहे पण दुसऱ्या जागी, करडं म्हणजे नाही. स्पीड टाकला, एस-पी-ई-ई-डी, आणि उत्तर आहे अबाइड, ए-बी-आय-डी-ई. पहिला ई पिवळा होतो, दुसरा करडा. लोक करडं अक्षर 'नको' च्या रकान्यात टाकतात आणि उत्तरच यादीतून उडतं. तो करडा ई एवढंच सांगतो की ई एकच आहे. आणि तो तिसऱ्या जागी नाही, चौथ्याही नाही. ही जागांची माहिती भरायला वेगळा रकाना असतो, तो रिकामा सोडला तर यादी उगाच लांबते.

शेवटची चार अक्षरं हिरवी झाली की हायसं वाटतं, पण धोका तिथेच असतो. आय-जी-एच-टी जुळलं की लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, फाइट, टाइट आठवतात. एट म्हणजे आठ राहून जातो, कारण त्याचं यमक जुळत नाही. ए-टी-सी-एचचंही तेच. बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच असे सहा सुचतात आणि वॉच सुटतो. दुसऱ्या प्रयत्नाला ही चार अक्षरं हिरवी झाली असतील तर सात उमेदवार आणि चार संधी. एकेक करत बसू नका, तिसऱ्यांदा क्लाइंब टाका: सी-एल-आय-एम-बी. एल, एम किंवा बी पिवळा झाला तर उत्तर लगेच कळतं. सी हिरवा झाला तर कॅच. सी नुसताच पिवळा राहिला, तर हॅच, पॅच, वॉच एवढेच उरतात, आणि संधीही तीनच उरलेल्या असतात. हार्ड मोडमध्ये मात्र हिरवी अक्षरं जागेवर ठेवावी लागतात, त्यामुळे क्लाइंब टाकताच येत नाही आणि सातांपैकी चारच तपासता येतात.