आज सांडा बघितला, वाळवंटातला काटेरी शेपटीचा सरडा!

जैसलमेरजवळ सम रोडला आज सकाळी जीप थांबवून ड्रायव्हर म्हणाला वो देखो सांडा, मला आधी नुसती मातीच दिसली, मग कळलं की बिळाच्या तोंडाशी एक जाडजूड प्राणी ऊन खात पडलाय, फूटभर तरी असेल, आणि शेपटी म्हणजे अक्षरशः काटेरी कड्यांची माळ. थंड असताना अंग काळपट असतं, ऊन लागलं की हळूहळू फिकट पिवळसर होतं, हे आज डोळ्यासमोर बघितलं राव!

दिसायला एकदम डेंजर पण हा चक्क शाकाहारी, गवत, पानं, फुलं, शेंगा खातो. पिल्लं मात्र किडे खातात. रात्री आणि जास्त ऊन झालं की बिळात शिरून आतून मातीने तोंड बंद करतो, थंडीचे महिने तर आतच झोपून काढतो. कोणी बिळात घुसलंच तर ती काटेरी शेपटी सपासप फिरवतो. एवढं करूनही गरुड, ससाणे, कोल्हे याला खातातच बिचाऱ्याला.

आणि मग माणूस. शेपटीतली चरबी वितळवून ते 'सांडे का तेल', मर्दानगी वगैरे, आपल्याकडेही फुटपाथवर बाटल्या मांडून बसलेले असतात बघा, शुद्ध भंपकपणा आहे हा. शिकारीवर कायद्याने बंदी आहे, तरी बिळं खणून पकडतातच.

फोटो काढायला जरा पुढे सरकले तर सर्रकन आत. ब्लर आलाय, तरी टाकतेय खाली 😅