बुडालेलं जहाज कुठे पळतंय?

"परत तेच जहाज?" आईने कप खाली ठेवला. "अगं, बुडालंय ना ते? कुठे पळून जाणारे?"

नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीत माझा वेटसूट, म्हणजे समुद्रात खोल उतरताना घालायचा रबरी पोशाख, हँगरला लटकत होता. काळाकभिन्न, हातापायांसकट. समोरच्या काकू त्याला बघून दोनदा दचकल्या म्हणे. दोन्ही वेळा तक्रार आईकडेच आली, त्यामुळे तिचा सूर आधीच लागलेला.

हीच आई गडकरी रंगायतनला एकच नाटक चार वेळा बघून आलीय. कारण काय, तर नटसंच बदलला होता! मला ते कारण पटतं. माझ्या त्या बुडालेल्या जहाजाचं, थिसलगॉर्मचंही तसंच आहे, फक्त तिथला नटसंच दर खेपेला कमी होतो.

थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज. ट्रक, मोटारसायकली, दारूगोळा, गमबूट असा सैन्याचा माल भरून आफ्रिकेला अख्खा वळसा घालत ते तांबड्या समुद्रात पोचलं आणि सुएझच्या आखाताच्या तोंडाशी नांगर टाकून पुढे जायची वाट बघत थांबलं. ६ ऑक्टोबर १९४१च्या मध्यरात्रीनंतर जर्मन विमानांनी त्याला गाठलं. बॉम्ब नेमका दारूगोळ्याच्या बाजूला पडला. नऊ माणसं गेली. डेकवरची वाफेची दोन इंजिनं त्या स्फोटाने उडून समुद्रात पडली, ती अजून तळाशी आहेत. १८५३मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे आली, त्या ठाण्याच्या फलाटावर रोज लोकलसाठी धक्के खाणारी मी. इतक्या लांब जाऊन, पाण्यात उतरून बघते काय, तर आगगाडीचं इंजिन. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

तळ तीस मीटरवर. घोडबंदर रोडवरच्या दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून दोर धरून खाली उतरावं, तेवढं. तिथे दाब चौपट, म्हणून टाकीतली हवाही चौपट वेगाने संपते. जेमतेम वीस मिनिटं मिळतात. माहेरी येऊन रिक्षा थांबवून ठेवावी, तशी ही भेट.

माझी एक ठरलेली मोटारसायकल आहे. जहाजाच्या पोटात, ट्रकच्या हौद्यात दाटीने उभ्या केलेल्या बीएसए गाड्यांपैकी कडेची, तिसरी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा हँडल सरळ होतं आणि सीटच्या स्प्रिंगा मोजता येत होत्या. टॉर्च मारला की गंजाचा लालभडक रंग उजळायचा. एरवी पाण्यात इतक्या खोलवर लाल रंग पोचतच नाही, सगळं निळंकरडं. या वेळी टायर जागच्या जागी, पण हँडल एका बाजूने गायब. गंजून पडलं की कुणी आठवण म्हणून उचललं, कळायला मार्ग नाही. उचलणारे असतात. पाण्याखालीही माणसं गडावर नाव कोरणाऱ्यांच्याच जातीची.

त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत मी सहज वर पाहिलं. माझेच बुडबुडे वर जाऊन छताला चिकटले होते, सांडलेल्या पाऱ्यासारखे चपटे. ती हवा तिथेच अडकते आणि पत्रा आतून जास्तच गंजत जातो, हे मला पहिल्या खेपेपासून माहीत आहे. तिथे रोज उतरणाऱ्या प्रत्येकाचे बुडबुडे जातात, त्यात तीन वर्षं माझेही. आणि श्वास रोखायची सोय नाही. श्वास कधीही धरून ठेवायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम.

मी आपली हळूच मागे सरकत उघड्या पाण्यात आले आणि मगच मोठा श्वास सोडला. वेडेपणाच, पण बरं वाटलं.

गाईडने माझ्या टाकीचा काटा बघून अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मस्त' नसतो. 'चला वर' असा असतो.