लिंकनची कुऱ्हाड

शनिवारी पावसाने लोकल रखडल्या, भाऊ भिजून कसाबसा घरी पोचला आणि म्हणाला ताई आज डोक्याला ताप नको, काहीतरी येडं बघू. म्हणून ‘अब्राहम लिंकन: व्हॅम्पायर हंटर’ लावला. २०१२चा पिक्चर, तिमूर बेकमाम्बेतोव्हचा, निर्मात्यांमध्ये टिम बर्टन. अमेरिकेचा प्रेसिडेंट चांदीचा मुलामा दिलेली कुऱ्हाड घेऊन रक्तपिशाच्चं तोडत फिरतो, एवढी भन्नाट आयडिया हातात असताना किती धमाल करता आली असती, पण नाही, सगळेजण पहिल्यापासून शेवटपर्यंत सुतकात असल्यासारखे बोलतात.

एकच सीन मनापासून आवडला. घोड्यांचा अख्खा कळप धूळ उडवत उधळलाय, लिंकन एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर उड्या मारतोय आणि तो व्हॅम्पायर सरळ एक जिवंत घोडाच उचलून त्याच्या अंगावर फेकतो! आम्ही दोघं जोरात ओरडलो. वाटलं आता पिक्चर सुटला. पण लगेच परत तीच लांब चेहऱ्याची भाषणं.

‘झपाटलेला’ आठवा ना, १९९३चा. बाहुल्यात गुंडाचा आत्मा शिरतो, हे पण अचाटच आहे, पण महेश कोठारेंनी लक्ष्याला मनसोक्त घाबरू दिलं आणि आपल्याला हसू दिलं, आणि एवढं हसून सुद्धा लहानपणी तात्या विंचूच्या भीतीने मी लाईट चालू ठेवून झोपायचे. मजा घेतली म्हणून भीती कमी होत नाही, हे यांना कोणी सांगितलंच नाही का.

बरं, गंभीरच व्हायचं होतं तर विषयाचं वजन तरी पेला. खऱ्या लिंकनची आई १८१८ला गेली, विषारी झाड खाल्लेल्या गाईच्या दुधाने, तेव्हा तो ९ वर्षांचा होता. इथे तिला व्हॅम्पायर मारतो, तेही मी चालवून घेतलं. पण गुलामगिरी? अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम आणायचे ते व्हॅम्पायरांच्या पोटासाठी, यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईत समोरच्या दक्षिणेच्या फौजेतही तेच, म्हणजे सगळं पाप पिशाच्चांच्या माथी मारून माणसं मोकळी! मला खरंच राग आला. ते सगळं माणसांनी केलं हो, कापसाच्या पैशासाठी, कायदे करून, भर बाजारात पोरं आईपासून तोडून विकली. १८६०च्या जनगणनेत जवळपास ४० लाख माणसं गुलाम म्हणून मोजलेली आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ला ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना, त्यांना पुण्यात बसून कळत होतं की हा माणसानेच माणसावर केलेला जुलूम आहे.

आणि हॅरिएट टबमन! ती पण आहे यात, पिशाच्चं मारायची चांदी गुपचूप रणांगणावर पोचवायला मदत करते आणि बस, जेमतेम दिसते. ही बाई १८४९ला स्वतः गुलामीतून पळाली आणि पकडलं जायचा धोका असताना परत परत मागे जाऊन सुमारे ७० जणांना सोडवून घेऊन आली. भावाला तिचं नावच माहीत नव्हतं. पिक्चर संपल्यावर दीड वाजेपर्यंत मी त्याला तिच्याबद्दल सांगत बसले, आणि तो अजिबात पेंगला नाही.